पट्टा बांधण्याआधी

लोणावळ्यातल्या आमच्या दवाखान्यात भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं, आणि त्यावर तोंड मिटून बसणं हे तिथं आलेल्या प्रत्येक बाईचं पहिलं औषध होतं. पाव तास बसायचं. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर, शेजारणीशी एक शब्द नाही, आणि कडेवर नातवंड असेल तर ते माझ्या हवाली करायचं. मग डॉक्टर सगुणाबाई दंडाला कापडी पट्टा बांधत, रबरी फुगा दाबत, आणि लाकडी पेटीतल्या काचेच्या नळीत पारा सरसर वर चढे. बायका पाऱ्याकडे बघत आणि मी बायकांकडे. सहा वर्षं मी त्यांच्याकडे नर्स होते, त्यामुळे मावळातल्या निम्म्या बायकांची गप्प बसल्यावर काय तारांबळ उडते हे मला चांगलं ठाऊक आहे.

सगुणाबाई कुठल्या, त्यांचं माहेर कोणतं, लग्न झालं होतं की नाही, यावर गावात पुष्कळ चर्चा चाले. मला विचाराल तर मलाही माहीत नाही. सहा वर्षांत मी दोनदा विचारायचं धाडस केलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला सुया उकळायला पाठवलं. मला ठाऊक आहेत त्या पन्नाशीच्या सगुणाबाई. उंच, किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा आणि उन्हाळा असो वा थंडी, हातात वारा घ्यायला एक पुठ्ठा.

तो पुठ्ठा मिरवायला नव्हता. रोग्याशी बोलता बोलता मध्येच त्यांचा चेहरा लालबुंद होई, कपाळावरून घामाच्या धारा लागत. दुसरी कुणी असती तर तोंड फिरवून पदरानं टिपलं असतं. या मात्र सरळ सांगत, "आला वणवा. थांबा जरा." वारा घेत, घाम पुसत आणि म्हणत, "गेला. हं, सांगा आता पुढचं." समोरची बाई थक्क होऊन बघत राही. जी गोष्ट तिनं नवऱ्याला, सुनेला, सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती, ती ही शिकलेली बाई चारचौघींत सांगत होती. मग तीही हळूच म्हणे, "मला बी असंच हुतंया वं बाई. कावळा शिवायचा थांबला तवापासनं." आणि ती एकदा बोलायला लागली की मला दुसरं बाकडं मागवावं लागेल अशी गर्दी व्हायची.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीची. पाळी गेलेल्या बाईला काही होत असलं तर ते वय झाल्यामुळं होतं, असं वैद्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे सांगत, आणि मीही तसंच समजत होते. बाळंतिणीला औषध, पोराला औषध, पुरुषाला तर औषधच औषध. ज्या बाईला आता पोर होणार नाही तिच्या छातीत धडधडलं काय आणि तिला रात्र रात्र झोप आली नाही काय, तिकडे बघायला कुणाला सवड होती! सगुणाबाईंनी मंगळवारचा अख्खा दिवस फक्त अशा बायकांसाठी ठेवला. तेव्हा मी मनात म्हटलं होतं की मंगळवारी आता माशा मारत बसायचं. पहिल्याच महिन्यात माझा माशांचा बेत रद्द झाला.

औषध कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. तुंगार्लीला एका बंगल्यात मुंबईच्या एक शेठाणी उन्हाळ्यात येऊन राहायच्या. त्यांनाही हाच त्रास. बाईच्या शरीरातला जो रस त्या वयात आटतो, तोच तेलात विरघळवून काचेच्या कुप्यांत भरलेला विलायतेहून येतो, आणि त्याची सुई घेतली की काहिली थांबते, असं मुंबईच्या बड्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. कुप्यांची पेटी घेऊनच त्या आल्या होत्या. सुई टोचायला आठवड्यातून एकदा सगुणाबाईंना बोलावणं आलं.

आम्ही गेलो तर शेठाणी बोलतच होत्या. हवा, नोकर, सून, पुन्हा हवा. सगुणाबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"पाव तास गप्प बसा. मग दाब बघते, मग सुई."

"डॉक्टर, मी काय शाळेत आहे?"

"नाही. शाळेतला तास याहून मोठा असतो."

मला वाटलं, आता दोघींना बंगल्याबाहेर काढणार. पण शेठाणी बसल्या. सुई झाल्यावर त्यांनी फीचं विचारलं. सगुणाबाई म्हणाल्या, "पैसे नकोत. दर सुईमागं यातली एक कुपी मला द्या. तुम्हाला होतं तेच ज्यांना होतं, पण मुंबईचा डॉक्टर ज्यांना नाही, अशा बायकांसाठी."

शेठाणींनी डोळे मोठे केले. "खेड्यातल्या बायांना पण होतं असं?"

"त्यांनीही मला तुमच्याबद्दल हेच विचारलं होतं," सगुणाबाई म्हणाल्या.

शेठाणी इतक्या हसल्या की त्या हसण्यात दोन कुप्या मिळाल्या. पुढं त्या मुंबईहून खास आमच्यासाठी पेटी पाठवू लागल्या.

पण कुपी हातात आली म्हणून सगुणाबाई ती कुणालाही टोचत नसत. त्यांचा एक कायदा होता. दाब चढा असेल त्या बाईला सुई नाही. मी एकदा कुरकुर केली, की बिचाऱ्या इतक्या लांबून येतात. त्यावर त्या म्हणाल्या, "एका पुस्तकात लिहिलंय की या औषधानं चढलेला दाब उतरतो. दुसऱ्यात लिहिलंय की काही फरक पडत नाही. दोन्ही लिहिणाऱ्यांनी आपल्या कान्हे गावची बाई बघितलेली नाही. मला स्वतःला कळत नाही तोवर मी चढ्या दाबावर हे औषध घालणार नाही." मला कळत नाही, हे वाक्य मी आयुष्यात फार डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं नाही. सगुणाबाईंच्या तोंडी ते दिवसातून दोनदा तरी असे, आणि ते म्हणताना त्यांची मान जराही खाली जात नसे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो दरारा बसला तो त्या वाक्यामुळं.

कान्ह्याच्या बायकांचं असं की त्या पहाटे घरून निघत, कामशेतपर्यंत चालत येत आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला. त्यांच्यातच एक ठकूबाई होत्या. गावची सुईण. अंगानं भक्कम, हात मोठे, आवाज त्याहून मोठा. आजूबाजूच्या चार वाड्यांतली तरणी पोरं याच हातांवर जन्मली होती, आणि वाटेत कुणी भेटला की ठकूबाई त्याला नावानं न ओळखता पायाळू की गळ्यात नाळ अडकलेला यावरून ओळखत. पण गेलं वर्षभर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. अंगातून वाफा निघत, छाती धडधडे, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, दिवसा हात थरथरत.

"बाई, सुईनीचा हात कापला तर कसं वं व्हायचं?" त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय बी नगं. हात ठरला पायजे."

सगुणाबाईंनी पट्टा बांधला. पारा चढा. पुढच्या महिन्यात पुन्हा चढा. चालून येतात म्हणून असेल असं समजून पाव तासाचा अर्धा तास केला, तर त्या वेळी आणखी वर. तिसऱ्या खेपेला सगुणाबाईंचा चेहरा गंभीर झाला. बाकड्यावर कान्ह्याच्याच पाच-सहा जणी बसलेल्या. त्यांच्यासमोर त्यांनी सांगितलं, "ठकूबाई, तुमचा दाब फार आहे. सुई देता येणार नाही. मीठ तोडा. जागरण, दगदग बंद. काही दिवस बाळंतपणं करू नका. एखाद्या वेळी चक्कर येऊन पडाल."

ठकूबाई उठल्या, पदर सावरला आणि गेल्या. ही बातमी कान्ह्याला त्यांच्याआधी पोचली असणार.

नंतर कळलं की गावानं त्यांना बोलावणं बंद केलं. बाळंतिणीच्या अंगावर पडली तर काय घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं. शेजारच्या गावातनं दुसरी सुईण येऊ लागली. ठकूबाई ओसरीवर बसून असत, अळणी भाकरी खात आणि कुणाशी बोलत नसत.

सगुणाबाई प्रत्येक बाईच्या कागदावर नुसता आकडा लिहीत नसत. कुठून आली, कशी आली, काय खाऊन आली, सगळं लिहीत. एका रविवारी ते कागद जमिनीवर पसरून त्या बसल्या होत्या. मला हाक मारली. "वत्सला, हे बघ. लोणावळ्यातल्या बायकांचा दाब बहुतेक ठीक. कान्ह्याच्या, कामशेतच्या, लांबून येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचा चढा. असं कसं होईल?"

मी म्हटलं, "यंत्राला भीत असतील."

"पहिल्यांदा भितील. चौथ्यांदाही?"

मंगळवारी त्यांनी काही न बोलता नुसतं बघत बसायचं ठरवलं. कामशेतकडच्या एक म्हाताऱ्याशा बाई बाकड्यावर बसल्या होत्या. एकदा डाव्या मांडीवर रेलायच्या, एकदा उजव्या. सगुणाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "लघवीला कधी गेला होता?"

सगळं बाकडं खुदखुदलं. बाई लाजून म्हणाल्या, "घरनं निगताना. फटफटायच्या आदी."

"आणि नंतर?"

"नंतर कुटं जायचं वं बाई? ठेसनावर बापय मानसं. हितं समदीकडं बंगलं. घरी गेल्याव बगायचं आता." मग जरा विचार करून पुढं म्हणाल्या, "म्हनून तं मी पानी बी पीत न्हाई."

दवाखान्याच्या मागं संडास होता. त्याला कुलूप होतं, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला होती. बायका घाण करतील म्हणून कुलूप लावायची कल्पना माझीच. त्या वेळी ती किल्ली मला अशी काही टोचली की आजही आठवलं की हात कमरेकडं जातो.

सगुणाबाईंनी मला त्यावरून एक शब्द सुनावला नाही. त्यांनी वेगळंच केलं. बुधवारी सकाळी सहा वाजता दोन तांबे पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दर तासाला माझा दाब बघ. मी दुपारपर्यंत जाणार नाही." मला वाटलं, थट्टा करतात. पण त्या रोगी तपासायला बसल्या. पहिल्या तासाला काही नाही. दुसऱ्या तासाला खुर्चीत चुळबुळ. तिसऱ्या तासाला एका सभ्य गृहस्थाला त्यांनी खोकला नीट खोकता येत नाही म्हणून फटकारलं. पारा नेहमीपेक्षा दोन बोटं वर होता. दुपारी बारापर्यंत त्यांनी कळ काढली. मग मागं जाऊन आल्या, बाकड्यावर पाव तास बसल्या, आणि मी पट्टा बांधला. पारा निमूटपणे आपल्या जागी येऊन बसला.

मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ महिने आपण दाब मोजत नव्हतो, वत्सला. या बायकांची अडचण मोजत होतो. आणि त्यावरून मी एका बाईचा धंदा बंद केला."

"कुलूप मी लावलं होतं," मी म्हटलं.

"कुलूप तू लावलंस. विचारायचं मी विसरले. दाब मी सांगितला."

लगेच त्यांनी इस्माईलभाई गवंड्याला बोलावलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात बायकांसाठी दोन संडास बांधून घेतले, आत पाण्याची टाकी, दाराला आतून कडी. इस्माईलभाई मोठे मिस्कील. काम संपल्यावर म्हणाले, "बाई, दवाखाना बांधला का देणगीदाराची पाटी लावतात. ह्याला कुणाच्या नावाची लावू?" सगुणाबाई म्हणाल्या, "माझ्या. आणि मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे बायकांना परवानगी मागावी लागणार नाही." त्यांनी खरोखर लावली. लोणावळ्यातल्या चार प्रतिष्ठित माणसांना ते फार खटकलं, पण मंगळवारी येणाऱ्या बायकांना वाचता येत नसूनही ती पाटी पाठ झाली. आधी तिकडं जाऊन यायचं, मग बाकडं, मग पट्टा, असा नवा क्रम ठरला. बहुतेकींचा दाब उतरला. दोघींचा मात्र खरोखरच चढा निघाला आणि चढाच राहिला. त्यांना सुई मिळाली नाही, आणि ती का नाही हे सगुणाबाईंनी त्यांना शेजारी बसवून समजावलं.

ठकूबाई मात्र आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

"निरोप पाठवू या," मी म्हटलं.

"निरोपानं नाही भागायचं. चारचौघींपुढं बोलले होते, चारचौघींपुढंच परत घ्यायला हवं."

मग आम्ही दाबाची पेटी आणि औषधं घेऊन कान्ह्याला गेलो. वाटेत मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "दाब ठीक निघाला तर उतरला, बऱ्या झाल्या, एवढंच सांगा ना. गावाला आनंद होईल, आपल्या दवाखान्याचंही नाव होईल." सगुणाबाई बांधावरच थांबल्या. "बरा झाला म्हटलं तर लोक म्हणतील, उद्या पुन्हा चढेल. तो नव्हताच, हे सांगायला पाहिजे. त्यात माझं नाव गेलं तर जाईल." आणि चालू लागल्या. मला त्यांच्या पावलांबरोबर चालताना धाप लागत होती.

ठकूबाईंच्या अंगणात बायका जमल्या, कडेला पुरुषही उभे राहिले. ठकूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसलेल्या, वाळल्या होत्या. सगुणाबाईंनी उभ्यानं सांगितलं, "मी ठकूबाईंना दाब आहे असं म्हणाले होते. ते चुकलं माझं. यांना दाब आहे असं म्हणायला मला आधार नव्हता. सकाळपासून अवघडून बसलेल्या बाईला मी पट्टा बांधला. हे मला आधी कळायला हवं होतं, कळलं नाही. आता तुमच्यासमोर नीट बघते." एवढ्या शिकलेल्या बाईनं आपली चूक अशी बोलून दाखवावी, हे तिथं कुणी पाहिलं नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसले.

ठकूबाईंनी विचारलं, "मंग आता काय करायचं वं बाई?"

"आधी परसात जाऊन या," सगुणाबाई म्हणाल्या, आणि सगळं अंगण हसलं.

तीनदा दाब घेतला. तिन्ही वेळा ठीक. दाब नव्हताच, हे सगुणाबाईंनी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. घरात नेऊन त्यांना पहिली सुई दिली. दर आठवड्याला सुई द्यायला आम्हीच कान्ह्याला जाऊ लागलो. महिन्याभरात ठकूबाईंना झोप लागायला लागली, वाफा कमी झाल्या. एक दिवस त्यांनी दोन्ही हात पुढं करून दाखवले. स्थिर होते. पण बोलावणं एकाही घरचं आलं नाही. चूक झाली हे गावानं ऐकलं होतं, पण मनातली भीती कानांनी जात नाही. "हात ठरलं बाई, पर आता कुनाला लावू?" असं त्यांनी विचारलं. मला कळत नाही, असंच सगुणाबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो असताना गावातले राघूआबा धावत आले. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या, बाहेरगावची सुईण अजून पोचलेली नाही.

"डागदरीनबाई, देवावानी आलाय. चला बिगीनं."

सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "गावची सुईण इथं बसलीय, आबा. त्यांना विचारा."

आबांनी ठकूबाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पर बाई, तुमीच म्हनला व्हता..."

"म्हणाले होते. ते चुकलं होतं, तेही याच अंगणात सांगितलं. मी येते, दाराबाहेर बसते. काही अडलं तर त्या मला हाक मारतील. पण बाळंतपण त्यांनी करायचं. तुम्हाला पटत नसेल तर मी येते आत. पण मग जन्मभर या गावात सगळ्यांना लोणावळ्याहून डॉक्टर आणावा लागेल."

लेकीचा आवाज तिथवर येत होता. आबा ठकूबाईंपुढं आले आणि म्हणाले, "चला, मावशी."

ठकूबाई उठल्या. कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, दोनदा. आणि चालू लागल्या. सगुणाबाई त्यांच्या मागून चालल्या, औषधांची पेटी स्वतः उचलून. मी घ्यायला गेले तर दिली नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या नवऱ्याची रेल्वेतली बदली भुसावळला झाली आणि लोणावळा सुटलं. पुढं लढाई आली, विलायतेच्या कुप्या यायच्या बंद झाल्या असं कानावर आलं, सगुणाबाईंचं एक पत्र आलं आणि मग तेही नाही. त्यामुळं त्यांची आठवण आली की मला दिसतात त्या राघूआबांच्या दाराबाहेर.

एका दगडावर पेटी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. आतून बाळंतिणीच्या ओरडण्याचा आणि ठकूबाईंच्या दरडावण्याचा आवाज. मला राहवेना, मी उठायला गेले तर त्यांनी माझा पदर धरून खाली बसवलं. उन्हं कलली. गाडीची वेळ टळून गेली. आमच्यासाठी कुणीतरी ताक आणून ठेवलं, त्यांनी ते प्यायलं नाही. शेवटी मूल रडल्याचा आवाज आला. सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि पेटीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. आतून हाक आली नाही. आणखी बराच वेळ गेला, तरी नाही.

मग ठकूबाई हात पुसत बाहेर आल्या. राघूआबांना म्हणाल्या, "नात झाली. गुटगुटीत हाये." अंगणातल्या बायांना पाणी तापवायला सांगितलं, कुणाला तरी रागावल्या, आणि घाईनं परत आत जायला वळल्या तेव्हा त्यांचं लक्ष आमच्याकडं गेलं.

"आगं बया! डागदरीनबाई, तुमी अजून हितंच बसलाय व्हय?"

सगुणाबाई हसायला लागल्या. पेटी मांडीवरून घसरेपर्यंत हसल्या. त्यांना इतकं आनंदात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.